‘आरसा’ आणि त्याचे प्रेक्षक

आंद्रेई तार्कोव्स्की यांचा ‘झेर्कालो’ म्हणजेच ‘आरसा’ हा चित्रपट १९७५ साली सोव्हिएत रशियात मोजक्या प्रतींनिशी आणि मोजक्या चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्यानंतर दिग्दर्शकाकडे प्रेक्षकांची पत्रे येऊ लागली. लेनिनग्राद येथील एका स्थापत्य अभियंता महिलेने लिहिले, की आपण शेवटपर्यंत बसलो खरे, परंतु पहिल्या अर्ध्या तासातच डोके दुखू लागले. पात्रे, प्रसंग आणि आठवणी यांचा काही परस्परसंबंध लागतो का, हे पाहण्याचा आपला प्रयत्न प्रामाणिक होता आणि तो सर्वस्वी वाया गेला. चांगले, वाईट, अतिवाईट असे सर्व तऱ्हेचे चित्रपट आपण पाहतो. ते आवडोत वा न आवडोत, कळतात तरी. हे काय आहे, असा तिचा प्रश्न होता. दुसऱ्या एका अभियंत्याने तर हा चित्रपट तुम्ही स्वतः कधी पाहिला आहे काय, असेच दिग्दर्शकाला विचारले. त्याच सुमारास गॉर्की शहरातून एका स्त्रीचे पत्र आले. तिने आभार मानले होते. आपले बालपण असेच होते. तोच वारा, तेच वादळ, अंधारी खोली, विझू घातलेला रॉकेलचा दिवा आणि आईची वाट पाहणे. हे सारे तुम्हांला कसे कळले, असे तिने विचारले होते.

ही पत्रे तार्कोव्स्की यांनी आपल्या चित्रपटविचाराच्या ग्रंथाच्या आरंभीच उद्धृत केली आहेत. १९८६ साली त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला आणि तेव्हापासून जगभरच्या अभ्यासकांना ती परिचित आहेत. एकाच कलाकृतीविषयी दोन माणसांची मते भिन्न असावीत, यात नवल असे काही नाही. नवल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. अभियंता महिलेला चित्रपट वाईट वाटला आणि गॉर्कीच्या स्त्रीला चांगला वाटला, एवढाच हा भेद नाही. एकीला तो कळलाच नाही आणि दुसरीला तो कळण्याची गरजच भासली नाही. ‘कळणे’ या क्रियापदाने आपण नेमके काय सुचवितो, हा प्रश्न येथे उभा राहतो. आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो जुनाच आहे. १९४७ साली ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्यावर मर्ढेकरांवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांत अश्लीलतेच्या खालोखाल, किंबहुना तिच्या बरोबरीने, दुर्बोधतेचा आक्षेप होता.

प्रथम चित्रपटाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. चाळिशीच्या आसपासचा अलेक्सेई नावाचा एक माणूस आजारी आहे. त्याचा चेहरा प्रौढपणी एकदाही दिसत नाही. ऐकू येतो तो केवळ त्याचा आवाज, आणि तो स्मोक्तुनोव्स्की या विख्यात नटाचा आहे. युद्धापूर्वीचे खेड्यातील घर, युद्धकाळातील उपासमार आणि मॉस्कोतील आजचे घर अशा तीन काळांत चित्रपट वावरतो; परंतु एका काळातून दुसऱ्यात जाताना तो प्रेक्षकाला सूचना देत नाही. रंगीत चित्रे, कृष्णधवल चित्रे आणि जुनी वृत्तचित्रे एकमेकांत मिसळतात. पण रंग म्हणजे वर्तमान आणि कृष्णधवल म्हणजे भूतकाळ, असा सोयीचा नियम कोणी लावू पाहील तर तो दहा मिनिटांत मोडतो. शिवाय मार्गारिता तेरेखोवा ही एकच अभिनेत्री अलेक्सेईची तरुण आई आणि त्याची विभक्त पत्नी नताल्या अशा दोन्ही भूमिका करते. अलेक्सेईचे कुमारवयातील रूप आणि त्याचा मुलगा इग्नात, हे दोघेही एकाच मुलाने उभे केले आहेत. म्हातारी आई मात्र दिग्दर्शकाची खरीखुरी आई आहे, आणि अधूनमधून ऐकू येणाऱ्या कविता त्याचे वडील, कवी आर्सेनी तार्कोव्स्की, स्वतःच्या आवाजात वाचतात. हेच आर्सेनी १९३७ साली कुटुंब सोडून गेले होते. ज्या बापाचे जाणे हा चित्रपटाचा सल आहे, त्याच बापाच्या आवाजाने चित्रपट भारलेला असावा, हा योग विलक्षण आहे. पण प्रेक्षकाला तो ठाऊक असलाच पाहिजे, असे चित्रपट कोठेही गृहीत धरीत नाही.

अभियंता महिलेची तक्रार या पार्श्वभूमीवर पाहिली, तर ‘मला कळले नाही’ या एका वाक्यात अनेक निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या आढळतात. ही बाई कोण, आई की पत्नी, ही एक. हे कधी घडले, ही दुसरी. या दोहोंचे निरसन माहितीने होऊ शकते. एवढेच नव्हे, तर चित्रपटाने ते स्वतःच करून ठेवले आहे. बालपणीची आई आठवू लागली की तिला तुझाच चेहरा असतो, अशा आशयाचे बोलणे अलेक्सेई नताल्येशी करतो. ज्याने हे संभाषण लक्षपूर्वक ऐकले, त्याला एका अभिनेत्रीच्या दोन भूमिकांचे कोडे पडू नये. पण खरी तक्रार या दोहोंच्या पलीकडची आहे: हे सारे मला का दाखविले जात आहे? एका प्रसंगानंतर दुसरा प्रसंग कोणत्या अधिकाराने येतो? ज्या प्रेक्षकाला कथानकाची सवय असते, त्याच्या दृष्टीने तो अधिकार कार्यकारणभावाचा असतो. येथे तो अधिकार स्मरणाचा आहे. आणि एक आठवण दुसरीला का जागी करते, हे ज्याचे त्यालाही सहसा सांगता येत नाही.

मुद्रणालयाच्या प्रसंगावरून हे अधिक स्पष्ट होईल. दिग्दर्शकाची आई मॉस्कोतील एका मोठ्या मुद्रणालयात मुद्रितशोधक होती. चित्रपटातही आई तेच काम करते. पावसात भिजत ती धावत मुद्रणालयात येते, कारण एका महत्त्वाच्या ग्रंथाच्या मुद्रितात आपल्या हातून चूक राहिली असावी, असा संशय तिच्या मनात आला आहे. लांबलचक दालने, यंत्रांची घरघर, सहकाऱ्यांचे उतरलेले चेहरे, आणि भिंतीवर जेमतेम ओळखू येणारे स्टालिनचे चित्र. ती मुद्रिते तपासते. चूक झालेलीच नसते. तो शब्द कोणता होता, हे ती मैत्रिणीच्या कानात सांगते, आणि प्रेक्षकाला तो ऐकू येत नाही. त्या काळातून गेलेल्या सोव्हिएत प्रेक्षकाला काही सांगण्याची आवश्यकताच नव्हती. एका अक्षराच्या चुकीने माणूस कोठे जाऊ शकतो, हे त्याला ठाऊक होते. परदेशी प्रेक्षकाला हा इतिहास पाठ नसतो. तरीही त्या स्त्रीच्या चालण्यातील भय त्याच्या अंगावर येते. जो शब्द ऐकू येत नाही, त्यानेच ते भय वाढविले आहे. घटना अर्धीमुर्धी राहिली, भाव मात्र पूर्णपणे स्पष्ट झाला. (छापील मजकुराशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, अशा वाचकांना हा प्रसंग इतरांहून थोडा अधिक झोंबेल, हे उघड आहे.)

घटनेची स्पष्टता आणि भावाची स्पष्टता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भारतीय साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीची साधनेच अपुरी असणे, आणि ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे प्रतीती अस्फुट राहणे, ही दोन आहेत. लेनिनग्रादची अभियंता जे म्हणते, ते याच परिभाषेत अचूक मांडता येईल; आणि म्हणूनच तिची तक्रार अरसिकतेची खूण मानून झटकून टाकणे योग्य होणार नाही. तिने तिकीट काढले, ती उठून गेली नाही, तिने विचार केला, डोकेदुखी सोसली आणि वर पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले. कोणत्याही लेखकाने अशा वाचकाची कदरच केली पाहिजे.

मात्र त्याच यादीत ‘निजसुखादिविवशीभाव’ असेही एक विघ्न आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असेल, तर त्याला रसास्वाद घडत नाही. मग गॉर्कीच्या स्त्रीचे काय? तिने चित्रपट पाहिला, की चित्रपटाच्या निमित्ताने स्वतःचे बालपण पाहिले? तिचा दिवा, तिचे वादळ, तिची आई. शास्त्राची कसोटी काटेकोरपणे लावली, तर विघ्न अभियंत्येपेक्षा हिच्याच वाट्याला अधिक येते, असा विचित्र निष्कर्ष निघेल. येथे साधारणीकरणाच्या कल्पनेकडे नव्याने पाहावे लागते. साधारणीकरणात व्यक्तिविशेष गळून पडतात, सीता ही कोणा एकाची पत्नी न राहता केवळ कांता होते, असे आपण शिकत आलो. ‘आरसा’मध्ये नेमके उलटे घडते. येथे विशेष गळत तर नाहीतच, उलट ते इतके गडद होतात, की दुसऱ्या माणसाचे विशेष त्यांना प्रतिसाद देऊ लागतात. टेबलावरून उचललेल्या गरम कपाच्या वाफेचा डाग हळूहळू नाहीसा होतो, एवढेच एक दृश्य काही क्षण पडद्यावर राहते. हा डाग कोणाही प्रेक्षकाच्या घरचा नाही. तरीही तो विरताना पाहून ज्याला आपल्या घरातील असेच काही विरलेले आठवले, तो प्रेक्षक निजसुखात विवश झाला असे म्हणवत नाही. स्वतःची आठवण ही तेथे आस्वादातील अडथळा नसून आस्वादाचे साधनच झाली आहे. अभिनवगुप्ताच्या विचारातच याला जागा आहे, असे दाखविता येईल. कारण सहृदयाच्या चित्तातील वासना ही रसप्रतीतीची पूर्वअट म्हणून तो मानतोच. परंतु वासना सुप्त असावी आणि स्मृती प्रकट नसावी, ही जी सीमारेषा त्या विचारात गृहीत आहे, ती हा चित्रपट सतत पुसत राहतो. या मुद्द्याचा निकाल एका लेखात लागण्यासारखा नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या प्रकाशात पाहिले, तर प्रश्नाची दुसरी बाजू उजळते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीची उभारणी पाहिली. ‘आरसा’चे संकलन कोणत्या तत्त्वावर झाले, याचे उत्तर कथानकात मिळत नाही, लयीत मिळते. तार्कोव्स्की यांनीच नोंदविले आहे, की जवळजवळ दोनशे चित्रखंडांचा हा चित्रपट संकलनाच्या वीसहून अधिक आराखड्यांतून गेला. प्रत्येक वेळी तो कोसळत होता आणि जुळण्याची आशाच उरली नव्हती. मग एका अखेरच्या जुळणीत तो अचानक उभा राहिला. कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या बाबतीत असे सहसा घडणार नाही. तेथे क्रम आधीच ठरलेला असतो. येथे मात्र गोठाराचे घर जळत असताना वळचणीवरून ठिबकणारे पाणी, छताचा गिलावा घेऊन कोसळणारे पाणी, सांडलेले दूध, गवतावरून अकस्मात लाटेसारखा येणारा वारा, या प्रतिमा एकमेकींना साद घालतात आणि विरोधही करतात. मर्ढेकरांचीच ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा वापरावयाची, तर आग आणि पाणी यांचे नाते येथे पदार्थधर्माने जुळत नाही, भावनेच्या समतानतेने जुळते.

आणि तरीही मर्ढेकरांच्या उपपत्तीत हा चित्रपट पुरता मावत नाही, हेही सांगितले पाहिजे. शुद्ध लयीला इतिहासाचे ओझे नको असते. ‘आरसा’ ते मुद्दाम खांद्यावर घेतो. १९४३ साली सिवाशच्या उथळ, चिखलमय पाण्यातून लाल सेनेचे सैनिक तोफा ओढत चालले आहेत, असे एक मूळ वृत्तचित्र मध्येच येते आणि दीर्घकाळ चालते. ते टिपणारा छायालेखक त्याच दिवशी मारला गेला, असे दिग्दर्शकाला नंतर समजले. या दृश्यावर बापाची कविता ऐकू येते. भारतीय प्रेक्षक हे दृश्य उपशीर्षकांसह पाहतो आणि येथे त्याची पंचाईत होते: कवितेच्या ओळी वाचाव्या, तर सैनिकांचे चेहरे निसटतात, चेहऱ्यांकडे पाहावे, तर कविता निसटते. मूळ रशियन प्रेक्षकाला ही निवड करावी लागत नव्हती. भाषांतराच्या प्रश्नाशी झुंजणाऱ्या आपल्या लेखकांनी चित्रपटाच्या उपशीर्षकांचाही कधी तरी विचार करावयास हवा.

अधिकाऱ्यांची प्रतिक्रिया फारशी रोचक नाही. चित्रपट दुर्बोध आहे, जनतेला कळणार नाही, असे राज्य चित्रपट समितीचे म्हणणे होते आणि त्याचे वितरण आखडून त्यांनी ते म्हणणे जवळजवळ खरे करून दाखविले. जनतेच्या वतीने ‘कळत नाही’ म्हणणारा अधिकारी आणि स्वतःच्या वतीने ‘कळत नाही’ म्हणणारी अभियंता, या दोघांत मूलभूत फरक आहे. दुर्बोधतेच्या वादांत तो वारंवार विसरला जातो. सहव्यवसायी दिग्दर्शकांचे आक्षेप मात्र अधिक विचारार्ह होते. १९७५ साली रशियन चित्रपटविषयक मासिकात प्रसिद्ध झालेल्या चर्चेत, हा चित्रपट प्रेक्षकाशी बोलत नाही, स्वतःशीच बोलतो, असा सूर उमटला होता. स्वगत हा दोषच मानला तर तो आहे. परंतु नाटकातील स्वगत प्रेक्षकाला ऐकू जावे म्हणूनच बोलले जाते. चित्रपटाच्या आरंभीचा प्रसंग येथे आठवतो. तोतरे बोलणाऱ्या एका तरुणावर संमोहनाचा प्रयोग होतो, आणि अखेर तो स्वच्छ शब्दांत, आपण बोलू शकतो, असे म्हणतो. त्यानंतर चित्रपटाचे नाव येते. स्वतःशी पुटपुटणाऱ्या कलावंताने असा आरंभ निवडला नसता.

यावरून एक मोहक निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे: शिकलेल्यांना चित्रपट कळला नाही, साध्या माणसांना कळला. त्याला पुरावेही दिले जातात. नोव्होसिबिर्स्क येथील एका कामगाराने तो एका आठवड्यात चार वेळा पाहिला होता. एक आठवण तर फारच प्रसिद्ध आहे. चित्रपट दाखविल्यानंतर जाणकारांची चर्चा संपेना, तेव्हा सभागृह झाडण्यासाठी थांबलेली बाई कंटाळून म्हणाली, की यात न कळण्यासारखे काय आहे. एक माणूस आजारी पडला, मरणाला भ्याला, आपण कोणाकोणाला दुखविले ते त्याला आठवू लागले आणि आता त्याला क्षमा मागावीशी वाटते. इतके नेमके सार एखाद्या समीक्षकाने क्वचितच लिहिले असेल. पण या आठवणीच्या आहारी जाऊ नये. शास्त्र अकादमीच्या भौतिकी संस्थेतील एका कर्मचाऱ्याने तेथील भित्तिपत्रकातील टिपण दिग्दर्शकाला पाठविले होते. तेही चित्रपटाच्या बाजूचेच होते, आणि आकाशातले तारे किंवा समुद्र जसा पाहावा तसा हा चित्रपट पाहावा, असे त्यात सुचविले होते. म्हणजे शिक्षणाने येथे विभागणी होत नाही. शिवाय ही सारी पत्रे दिग्दर्शकाने निवडलेली आहेत, हे दृष्टिआड करून चालणार नाही. जे निमूटपणे उठून घरी गेले आणि ज्यांनी पत्र लिहिलेच नाही, त्यांची बाजू कोणत्याही ग्रंथात यावयाची नाही.

झाडणाऱ्या बाईच्या उत्तरात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिने चित्रपटाला कथा दिली. अभियंत्येला हवी असलेली नेमकी तीच वस्तू तिने दोन वाक्यांत तयार केली. यावरून कथानक चित्रपटात नव्हते असे ठरत नाही. ते प्रसंगांच्या क्रमात नव्हते, एका माणसाच्या अपराधभावनेत होते, एवढेच ठरते. मराठीत १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीने संज्ञाप्रवाहाची पद्धती आणली, तेव्हा वाचकाला हेच काम करावे लागले होते. आणि आपल्याकडे ते करणारे वाचक फार थोडे निघाले. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या हिंदी चित्रपटाचीही गत फारशी वेगळी झाली नाही. मोहन राकेश यांची कथा वाचलेल्यांनाही, बसथांब्यावर जेवण घेऊन उभ्या असलेल्या बालोच्या त्या प्रदीर्घ प्रतीक्षेत प्रत्यक्ष घडलेले काय आणि मनातले काय, हे पडद्यावर वेगळे करता येईना. मात्र युरोपातील त्या काळच्या प्रत्येक दुर्बोध चित्रपटाला एकाच पंक्तीत बसविणेही चुकीचे ठरेल. आलँ रेने यांच्या १९६१ सालच्या, मारियेनबादच्या गतवर्षीच्या भेटीवरील चित्रपटात भेट झाली की नाही हे कोडेच मुळी खेळाचा भाग आहे, आणि प्रेक्षकाचे न कळणे दिग्दर्शकाला अभिप्रेत आहे. ‘आरसा’मध्ये ते अभिप्रेत नाही. तेथे काहीही लपविलेले नाही. मुद्रणालयातील तो शब्दसुद्धा लपविण्यासाठी लपविलेला नाही, तो मोठ्याने उच्चारण्याची त्या बाईची छाती नाही.

२०१२ साली ब्रिटिश नियतकालिक ‘साइट अँड साउंड’ने जगभरच्या चित्रपट दिग्दर्शकांना श्रेष्ठ चित्रपटांची नावे विचारली, तेव्हा ‘आरसा’ नवव्या स्थानी आला. हे यश लेनिनग्रादच्या त्या बाईंना चुकीचे ठरविणारे नव्हे. दिग्दर्शकांनी दिग्दर्शकाला दिलेली ती दाद आहे, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर अशा मतदानात नसते.

या चित्रपटाचे सर्वांत पहिले प्रेक्षक कोण, असे विचारले, तर उत्तर चित्रीकरणाच्या हकिकतीत सापडते. बालपणीचे लाकडी घर काळाने नष्ट झाले होते. जुन्या छायाचित्रांच्या आधारे, जुन्याच पायावर ते पुन्हा उभारण्यात आले. घरासमोर फुललेले, बर्फासारखे शुभ्र बकव्हीटचे शेत दिग्दर्शकाच्या आठवणीत होते. त्या जागी कित्येक वर्षे क्लोव्हर आणि ओट यांचीच पेरणी होत होती. बकव्हीट या मातीत येणारच नाही, असे सामूहिक शेतीवरील शेतकऱ्यांनी बजावले. चित्रपटाच्या चमूने शेत भाड्याने घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर बी पेरले, आणि शेतकऱ्यांच्या देखत पीक वर आले, फुलले. मग तार्कोव्स्की यांनी आईला तेथे नेले. तिची तरुणपणाची वर्षे त्याच जागी, तशाच घरात गेली होती. ते घर पाहून ती थेट त्या काळात परतली; तिच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्यावरून आपण योग्य मार्गाने चाललो आहोत, अशी मुलाची खात्री पटली. त्या वेळी एकही चित्रखंड जोडलेला नव्हता.